दहावं नाव

“स्पेशलचा रकाना रिकामा ठेवलाय तुम्ही,” म्हणत खैरनार भाऊसाहेबांनी माझा फॉर्म खिडकीच्या गजांमधून परत सरकवला. “दाखला आहे, नाहरकत आहे, गुणपत्रक आहे. पण हे भरल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, ताई.”

“तिकडे माझं मानसशास्त्र होतं.”

“तिकडं असंल. आपल्याकडं नाही.” त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. “मराठी, हिंदी, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल, तत्त्वज्ञान. यातलं काय ते लिहा. शनिवारी यादी प्राचार्यांच्या सहीला जाती.” मग जरा पुढे वाकून म्हणाले, “तत्त्वज्ञानाचे नऊ झालेत. दहा लागतात.”

आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं. व्हरांड्यातल्या सगळ्यांनी ऐकलं.

त्र्याण्णव सालची गोष्ट. माझे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. दर तीन वर्षांनी त्यांची बदली व्हायची आणि आमची भांडी पोत्यात जायची. या वेळची बदली जुलैत आली, तेव्हा मी बी.ए.चं पहिलं वर्ष संपवून बसले होते. दुसऱ्या वर्षाला एक विषय ‘स्पेशल’ म्हणून धरायचा असतो आणि पुढे जन्मभर पदवीवर त्याच विषयाचं नाव राहतं. जुन्या कॉलेजात मी तो ठरवून ठेवला होता. नव्या गावात तो विषयच नव्हता.

एका गोष्टीची मात्र मला कल्पना नव्हती. ज्या विषयाला दहा मुलं मिळणार नाहीत, तो त्या वर्षी बंद. विषय बंद झाला की शिकवणाऱ्याचे तास गेले. त्यामुळे जुलै महिन्यात तिथली प्राध्यापक मंडळी पोरांच्या मागे अशी फिरायची की गावात नगरपालिकेची निवडणूक लागलीय असं वाटावं. कॉलेजातल्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच नावं देऊन टाकली होती. कोरी मी एकटीच उरले होते. सोमवारी दुपारपर्यंत मला तीन सरांनी चहा विचारला, आणि अपक्ष नगरसेवकाला येतो तसा भाव आला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं. बदलीच्या गावात आमच्याकडे इतकं कोण बघायचं!

कुलथे मॅडमनी चहा विचारला नाही. मी ग्रंथालयात बसले होते तिथे त्या आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. सावळ्या, किरकोळ बांध्याच्या, खांद्याला कापडी पिशवी. तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख कायम नोकरीतले होते, त्यांना कशाचीच धास्ती नव्हती. स्पेशलचे तास घ्यायच्या त्या मॅडम, अकरा वर्षं तासिकेवर. तास असले तर नोकरी, नसले तर नाही. हे मला शबाना मणियारनं सकाळीच सांगितलं होतं. शबाना त्या नवांपैकी एक.

“तू रत्नमाला तांदळे ना? मानसशास्त्र कशासाठी घेणार होतीस?” मॅडमनी विचारलं.

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता, घरच्यांनीही नाही. मी गडबडले आणि जे खरं होतं तेच बोलून गेले. “माणसं खोटं का बोलतात ते कळावं म्हणून.”

त्या हसल्या नाहीत. “ते तिथं कळलं असतं. पण बोलावं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे येतो. आणि तो जास्त अवघड आहे.”

मग अर्धा तास आम्ही बोलत होतो. आजारी माणसाला त्याचा आजार सांगावा का, दिलेला शब्द कधी मोडला तर चालतो, असलं काही काही. त्या विचारायच्या, मी उत्तर द्यायची, त्या त्यातलं भोक दाखवायच्या आणि मी पुन्हा नवं उत्तर शोधायची. इतकी मजा मला आधी कुठल्याच तासाला आली नव्हती. घंटा झाली तेव्हा मी म्हणाले, “मॅडम, मी तत्त्वज्ञानच घेणार.”

“आज लिहू नकोस. घरी बोल, मग लिही.”

रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, “तत्त्वज्ञान घेऊन काय कीर्तनं करणार का तू?” आई हसली, मीही हसले. “घे बाई, तुला आवडतंय तर. पण पुढं नोकरीचं होईल ना? शाळेत लागलीस की मी सुटलो.”

मी शाळेत शिक्षिका व्हावं हे अण्णांचं फार जुनं स्वप्न. डी.एड.ला माझे चार गुण कमी पडले तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. आता बी.ए. करून बी.एड. करायचं, असं ठरलं होतं. “होईल की,” मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.

मंगळवारी सकाळी खिडकीशी उभी राहून मी रकान्यात ‘तत्त्वज्ञान’ लिहिलं. मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी तो शब्द वाचला आणि पदराचं टोक उगाच बोटाला गुंडाळलं.

“पुढे काय करायचंय तुला?”

“अण्णांना वाटतं मी बी.एड. करावं.”

त्या जरा गप्प झाल्या. “बरं. त्याचं मी बघते,” म्हणाल्या. मग खिडकीपासून मला थोडं बाजूला नेलं. “रत्नमाला, एक ऐक. शनिवारपर्यंत मन बदललं तर बदल. त्यात काही वाईट नाही. फक्त मला आधी सांग. नऊ असले तर मी दहावं शोधायला धडपडेन. दहा आहेत असं समजून बसले तर धडपडणार नाही. एवढंच करशील?”

“करेन मॅडम.”

त्याच संध्याकाळी भूगोलाचे गाडेकर सर आमच्या कॉलनीत आले. त्यांच्या विषयाला बत्तीस मुलं होती, तेहतिसाव्याची काही गरज नव्हती. पण मतं मोजायची सवय लागलेल्या माणसाला एक मत शेजारी गेलेलं बघवत नाही. अण्णांनी खुर्ची दिली, आईनं पोहे केले. सरांनी आधी पोहे खाल्ले आणि मग विषय काढला.

“साहेब, मुलीचा भूगोल पहिल्या वर्षाला आहे, मार्कही चांगले आहेत. मग ही तत्त्वज्ञानाकडं कशी वळली?”

“तिला आवडतं,” अण्णा म्हणाले.

“आवडायला काय, मलाही पुष्कळ आवडतं. पण तत्त्वज्ञान स्पेशल घेऊन बी.एड. होत नाही, हे माहीत आहे ना तुम्हाला? शाळेत शिकवतात तोच विषय लागतो. शाळेत कुठं तत्त्वज्ञान आहे?” सरांनी बशी खाली ठेवली. “आणि आमच्याकडे प्रॅक्टिकल असतं. त्याचे मार्क शेवटी आपल्याच हातात.”

सर गेल्यावर अण्णा ओसरीवर बसून कालव्याच्या पाळ्यांची वही उघडून बघत राहिले, आणि त्या वहीचं पान त्यांनी कितीतरी वेळ उलटलं नाही. ते ओरडले असते तर मी भांडले असते. शेवटी उठताना म्हणाले, “तू ठरव बेटा. मी काय, आज इथं आहे.”

मला अण्णांची कीव आली आणि त्याहून जास्त मॅडमचा राग आला. म्हणजे बाईंना हे माहीत होतं! बी.एड. म्हटल्यावर त्या गप्प झाल्या होत्या, त्या यासाठीच. ‘त्याचं मी बघते’ म्हणे. काय बघणार होत्या? त्यांना दहावं नाव हवं होतं, मी गोड बोलण्याला भुलले आणि ते देऊन आले. रात्रभर मी हेच घोळवलं. सकाळपर्यंत माझी अगदी खात्री पटली होती की फसवणूक माझी झालीय.

बुधवारी मॅडमचा पहिला तास असतो हे बघून मी त्याच वेळी खिडकीशी गेले. म्हणजे राग होता तरी समोर जायची छाती नव्हती, हे आता लक्षात येतं.

“भाऊसाहेब, बदलायचंय. भूगोल करा.”

खैरनारांनी चष्म्यावरून बघितलं. लाल पेनानं ‘तत्त्वज्ञान’वर रेघ मारली, वर ‘भूगोल’ लिहिलं आणि माझी सही घेतली. “कुलथे बाईंना सांगितलं का?”

“सांगते.”

“आजच सांगा. त्या इथं बघायला यायच्या नाहीत. माझे दहा झाले म्हणून काल सगळ्यांना सांगत होत्या.”

बुधवारी मी सांगितलं नाही. मधल्या सुटीत त्या लांबून दिसल्या, मी शबानाला ओढून नळाकडे नेलं. शबानालाही काही बोलले नाही. गुरुवारी मात्र मी घरून ठरवून निघाले. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं, रागाची दोन वाक्यंही त्यात घातली. स्टाफरूमच्या दाराशी गेले तर शिपाई म्हणाला, बाई आज रजेवर आहेत. मला एवढं हलकं वाटलं की मी कँटीनमध्ये जाऊन भजी खाल्ली.

शुक्रवारी त्यांनीच मला गाठलं. मी ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरत होते आणि त्या खालून येत होत्या. चेहरा ओढलेला, पायात प्रवासाची धूळ बसलेल्या चपला. पिशवीतून त्यांनी एक दोनशे पानी वही काढली. वहीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

“हे घे. तुझं पहिल्या वर्षाचं तत्त्वज्ञान राहिलंय, तो पेपर तुला जादा द्यावा लागणार. पुस्तकं ग्रंथालयात नाहीत. म्हणून मीच सोपं करून लिहून काढलंय. बसमध्ये थोडं अक्षर हललंय, तेवढं सांभाळून घे.” मग म्हणाल्या, “शेवटचं पान घरी गेल्यावर वडिलांना दाखव.”

मी वही हातात घेतली. जड होती. हीच वेळ होती, मला कळत होतं. मी तोंड उघडलंही असेन. तेवढ्यात भानुदास घोलप आला. हिंदीचा मुलगा, सायकलवरून रोज बारा किलोमीटर यायचा.

“मॅडम, तुमच्याकडं दहावं नाव कमी पडत होतं म्हणे. हिंदीतनं काढून घेऊ का मी? आमच्याकडं सतरा जण आहेत, काही अडत नाही. मला तुमचा तास आवडतो.”

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अरे, झाले आमचे दहा! ही आली ना. तू हिंदीच ठेव, तुझं चांगलं चाललंय. तासाला मात्र येऊन बसत जा.”

“बरं मॅडम,” भानुदास म्हणाला आणि सायकलकडे गेला.

त्यांचा हात अजून माझ्या खांद्यावर होता. मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिले. एक वाक्य बोलायचं होतं. भानुदास अजून फाटकाच्या आत होता, हाक मारली असती तर परत आला असता. मी घाबरले. याच्यापेक्षा मोठं कारण मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

“थँक यू मॅडम,” मी म्हणाले.

घरी येऊन वही मी गादीखाली सारली. उघडून बघायची हिंमत झाली नाही. शनिवारी पोट दुखतंय म्हणून कॉलेजला गेले नाही आणि आईनं दिलेला ओवा मुकाट्यानं चावला.

सोमवारी सूचनाफलकावर यादी लागली होती. सात विषयांचे सात रकाने, त्यातल्या शेवटच्यावर आडवी रेघ. खाली टाईप केलं होतं की तत्त्वज्ञान स्पेशलच्या विद्यार्थ्यांनी दोन दिवसांत दुसरा विषय निवडावा. शबाना फलकासमोर उभी होती. तिनं भूगोलाच्या रकान्यात माझं नाव वाचलं, तेहतिसावं. मग माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. ती माझ्याशी पुढची दोन वर्षं बोलली नाही.

तास न करताच मी घरी गेले. गादीखालून वही काढली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत निळ्या शाईतलं गोल, सुटं अक्षर, मधली वीसेक पानं बसच्या धक्क्यांनी वाकडी झालेली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

‘रत्नमाला, तत्त्वज्ञान घेतलं तर बी.एड. होत नाही असं तुला कुणीतरी सांगेल. ते अर्धंच खरं आहे. भूगोल तुझा पहिल्या वर्षाला आहेच. तो साधा विषय म्हणून तिन्ही वर्षं ठेव. मग स्पेशल कुठलंही असलं तरी प्रवेश अडत नाही. ऐकीव गोष्टीवर तुझं वर्ष टांगायला नको म्हणून गुरुवारी विद्यापीठात जाऊन परिपत्रक बघून आले. क्रमांक आणि तारीख खाली देते. वडिलांना दाखव, त्यांची काळजी मिटेल.’

खाली क्रमांक होता, तारीख होती आणि त्यांची सही.

मी तशीच पळत कॉलेजवर गेले. दोन किलोमीटर अंतर, पायात स्लिपर. खैरनारांसमोर वही धरली. “भाऊसाहेब, परत बदला. तत्त्वज्ञान करा. नाही तर भानुदास घोलपला विचारा, तो यायला तयार आहे.”

त्यांनी ते पान वाचलं, सावकाश, ओठ हलवत. मग वही मिटून माझ्याकडे दिली. “यादीवर सही झाली, ताई. आता ब्रह्मदेव आला तरी विषय उघडत नाही. शनिवारी दुपारी, यादी सहीला गेल्यावर, बाई सहज आल्या होत्या, चला, माझं दहावं नाव बघू म्हणून. मी फॉर्म दाखवला. लाल रेघ बघितली त्यांनी.”

“काय म्हणाल्या?”

“तारीख कुठली आहे, एवढंच विचारलं. बुधवार म्हटलं.”

म्हणजे त्यांना कळलं होतं. गुरुवारी त्या माझ्यासाठी चार तास बसमध्ये बसल्या तेव्हा माझं नाव यादीत नव्हतं, आणि शुक्रवारी माझ्या खांद्यावर हात ठेवून भानुदासला परत पाठवलं तेव्हाही नव्हतं, आणि मी वही घेऊन थँक यू म्हणाले होते.

मंगळवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. पोस्टामागे भाड्याच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. त्या जमिनीवर बसून पुस्तकं खोक्यात भरत होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण “ये” म्हणाल्या. मी दाराजवळच बसले. वही मांडीवर होती.

“ही परत द्यायला आले.”

“ठेव तुझ्याकडे. माझ्या काय कामाची आता?”

“तुम्ही कुठे जाणार?”

“भावाकडे, कोपरगावला. तिथं कुठं तासिका मिळतात का बघेन. जुलै संपत आला, सगळीकडे भरलंय. बघू.” त्यांनी एक पुस्तक पुसलं आणि खोक्यात ठेवलं.

“मॅडम, मला वाटलं तुम्ही मुद्दाम सांगितलं नाही. बी.एड.चं. मला राग आला होता.”

“येणारच. मंगळवारी मलाच नक्की माहीत नव्हतं. तेव्हाच तसं बोलायला हवं होतं मी. ती चूक माझी.” आवाज अगदी साधा होता, तासाला असायचा तसा. “आणि भूगोल घेतलास त्याचं मला काही नाही. तुझं आयुष्य आहे. पण बुधवारी नाही, निदान शुक्रवारी सांगायचंस. तो मुलगा समोर उभा होता गं.”

मी रडायला लागले. रडत रडतच म्हणाले, “सांगणार होते मॅडम. खरंच सांगणार होते. पण तुमचा चेहरा कसा होईल ते मला बघवलं नसतं.”

पुस्तकं भरणारे हात थांबले.

“मग आता बघ,” त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातलेली होती. समोर वहीचं कव्हर होतं, त्यावर बियाण्याच्या कंपनीची जाहिरात होती, कपाशीचं बोंड होतं. मी त्या बोंडाकडे बघत राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग पुस्तकं खोक्यात पडण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि मी उठून घरी आले.

पुढे मी बी.एड. केलं. अण्णांनी कॉलनीभर पेढे वाटले. सत्तावीस वर्षं मी मुलांना नकाशे शिकवते आहे, आणि बरं शिकवते, असं मुलंच म्हणतात. वही अजून माझ्या कपाटात आहे. त्यातलं अक्षर मी डोळे मिटूनही ओळखेन, बसमध्ये हललेलंसुद्धा. पण मॅडम दिसायला कशा होत्या म्हणून कुणी विचारलं तर सावळ्या, किरकोळ, एवढंच सांगता येतं. चेहरा आठवत नाही.